साक्ष, संकलन आणि अनुबोध : एचआयव्ही-चळवळीचा इतिहास सांगणारे चित्रपट

१

मराठीत 'डॉक्युमेंटरी' या चित्रप्रकाराला दोन नावे रुळली आहेत : माहितीपट आणि अनुबोधपट. व्यवहारात ती समानार्थी म्हणून वापरली जातात. परंतु त्यांच्यातील अर्थच्छटांचा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'माहितीपट' हा शब्द चित्रपटातून काय मिळते एवढेच सांगतो. 'अनुबोधपट' हा शब्द ते केव्हा मिळते याचीही सूचना देतो. अनुबोध म्हणजे मागाहून होणारा बोध. घटना घडत असताना तिच्या आत असणाऱ्यांना जो अर्थ दिसत नाही, दिसला तरी उच्चारायला उसंत नसते, तो अर्थ काळाच्या अंतरावरून, दृश्यांची पुन्हा जुळणी करून हाती लागतो. या अर्थाने प्रत्येक ऐतिहासिक अनुबोधपट हे एक वाचन असते. आणि वाचन म्हटले की निवड आली, वगळणे आले, क्रम लावणे आले. साहित्याच्या अभ्यासकाचा या चित्रप्रकाराशी संबंध येतो तो नेमका येथे.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील, विशेषतः न्यूयॉर्कमधील, एचआयव्ही-एड्स चळवळीचा इतिहास सांगणाऱ्या दोन अनुबोधपटांचा तौलनिक विचार करावयाचा आहे. डेव्हिड फ्रान्स यांचा 'हाऊ टू सर्व्हाइव्ह अ प्लेग' आणि जिम हबर्ड यांचा 'युनायटेड इन अँगर : अ हिस्टरी ऑफ ॲक्ट अप' हे ते दोन चित्रपट. दोन्ही २०१२ साली प्रदर्शित झाले. दोन्हींचा विषय एकच संघटना. दोन्हींची सामग्री बव्हंशी एकाच काळात, एकाच प्रकारच्या हातकॅमेऱ्यांनी टिपलेली. असे असूनही त्यांतून निघणारे इतिहास एक नाहीत. एकाच साधनसामग्रीतून दोन इतिहास कसे घडतात आणि त्यांपैकी प्रत्येक जण कोणाला केंद्रस्थानी ठेवतो, कोणाला परिघावर ढकलतो, हा या लेखाचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न आपल्या जवळचा आहे : जेथे अशी दृश्यसामग्री मुळातच तुटपुंजी आहे, तेथे या चळवळीचा इतिहास कोणत्या रूपात शिल्लक राहतो?

२

दोन्ही चित्रपटांचे वाचन करण्यापूर्वी त्यांच्या सामग्रीचे स्वरूप समजून घ्यावयास हवे. 'ॲक्ट अप', म्हणजे 'एड्स कोअलिशन टू अनलीश पॉवर', ही संघटना मार्च १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. नाटककार लॅरी क्रेमर यांचे भाषण हे तिच्या जन्माचे तात्कालिक निमित्त. त्याच महिन्यात एझेडटी हे एड्सवरील पहिले औषध अमेरिकेत संमत झाले. त्याची किंमत वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर होती. औषध आहे पण परवडत नाही, संशोधन चालू आहे पण ते कोणाला विचारून चालले आहे हे रुग्णांना ठाऊक नाही, आणि शासन व वृत्तमाध्यमे या मृत्यूंकडे नैतिक शिक्षा म्हणून पाहत आहेत, अशा तिहेरी कोंडीतून ही संघटना उभी राहिली.

योगायोगाने याच सुमारास घरगुती व्हिडिओ कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती आला होता. 'टेस्टिंग द लिमिट्स' हा गट १९८७ पासून आणि 'दिवा टीव्ही' हा गट १९८९ पासून निदर्शनांचे चित्रीकरण करू लागला. या चित्रीकरणामागे इतिहासलेखनाचा हेतू प्राधान्याने नव्हता. दूरचित्रवाणीवरील बातम्यांत एड्सग्रस्त म्हणून जे मरणोन्मुख, निःशब्द देह दाखवले जात, त्यांना उत्तर म्हणून बोलणारी, भांडणारी, हसणारी माणसे दाखवणे हा एक उद्देश. निदर्शकांवर पोलीस हात टाकू लागले तर त्याची साक्ष राहावी हा दुसरा. आणि आपल्याच माणसांना आपली कृती दाखवून त्यांचे बळ वाढवणे हा तिसरा. पॉला ट्राइक्लर यांनी १९८७ साली एड्सचे वर्णन केवळ विषाणूची नव्हे तर अर्थांचीही साथ असे केले होते. त्या परिभाषेत सांगायचे तर कॅमेरा हे या दुसऱ्या साथीवरचे औषध होते.

म्हणजेच या चित्रफिती हे घटनेचे तटस्थ प्रतिबिंब नाही. त्या स्वतःच घटनेचा भाग आहेत. कॅमेरा धरणारा हात अनेकदा निदर्शकाचाच असे. त्यामुळे चित्रचौकट हलते, आवाज फाटतो, मध्येच कोणीतरी भिंगासमोर येते. हे दोष तांत्रिक खरे; पण साधन-चिकित्सेच्या दृष्टीने तेच त्यांचे प्रामाण्यपत्र आहे. पाव शतकानंतर संकलकाच्या मेजावर आलेली ही सामग्री म्हणजे कृतीसाठी निर्माण झालेली आणि स्मृतीसाठी उरलेली सामग्री होय.

३

फ्रान्स यांचा चित्रपट या सामग्रीतून एक कथानक विणतो. तो कालक्रमाने, वर्षामागून वर्ष असा पुढे सरकतो आणि प्रत्येक टप्प्यावर जगभरातील एड्सबळींचा वाढता आकडा पडद्यावर उमटत जातो. कथानकाला नायक आहेत. रोखे बाजारातील नोकरी करणारा पीटर स्टेली, वैद्यकाचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसलेला मार्क हॅरिंग्टन, जनसंपर्काचा व्यवसाय करणारा बॉब रॅफ्स्की, आणि त्यांना औषधसंशोधनाची परिभाषा शिकवणारी रसायनशास्त्रज्ञ आयरिस लाँग. ११ ऑक्टोबर १९८८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मुख्यालयासमोर हजाराहून अधिक निदर्शकांनी दिलेला धडा, पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शिरून केलेले आंदोलन आणि त्यानंतर काही दिवसांतच एझेडटीच्या किमतीत झालेली वीस टक्क्यांची घट, ही या लढ्याची ठळक वळणे. १९९२ साली औषधसंशोधनावर लक्ष केंद्रित करणारा गट 'ट्रीटमेंट ॲक्शन ग्रुप' या नावाने वेगळा झाला. डिसेंबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात प्रोटीएज-प्रतिबंधक औषधे संमत झाली, आणि संयुक्त उपचाराने मृत्यूचा ओघ ओसरू लागला.

या चित्रपटाचे मोठे यश असे की ज्ञान मिळवण्याची प्रक्रिया त्याने नाट्यमय केली. रुग्ण हा उपचाराचा विषय असतो, ज्ञानाचा कर्ता नसतो, ही आधुनिक वैद्यकाची अध्याहृत धारणा. मरण समोर दिसणारी पंचविशी-तिशीतील माणसे शब्दकोश तयार करतात, चाचण्यांचे आराखडे तपासतात आणि अखेरीस शास्त्रज्ञांच्या बैठकीत हक्काची जागा मिळवतात, हे पाहताना ती धारणा आपल्या डोळ्यांदेखत कोसळते. अक्षरओळख नाकारलेल्या समाजाने अक्षर हस्तगत करण्याची जी कथा आपल्या परंपरेत आहे, तिच्याशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो. मात्र येथील नायकांपैकी अनेकांना शिक्षण, वर्ण आणि उत्पन्न यांचे पाठबळ होते, हा फरक विसरून चालणार नाही.

प्रश्न उपस्थित होतो तो चित्रपटाच्या रचनातत्त्वाविषयी. यातील प्रमुख व्यक्तींपैकी आज कोण हयात आहे, हे फ्रान्स अखेरपर्यंत उघड करीत नाहीत. शेवटाकडे वर्तमानातील चेहरे एकेक करून पडद्यावर येतात. विशी-तिशीतले चेहरे एकाएकी पन्नाशीचे होतात. परिणाम विलक्षण आहे. प्रेक्षागृहात त्या क्षणी दाटून येणारा हुंदका मी स्वतः अनुभवला आहे, आणि तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. तरीही विचारावे लागते : जगणे हे येथे कथेचे पारितोषिक झाले आहे काय? शीर्षकातच 'कसे जगावे' असे म्हटले की जे जगले त्यांना ती रीत साधली आणि जे मेले त्यांना साधली नाही, असा एक अनुच्चारित अर्थ त्याला चिकटतो. वस्तुतः रॅफ्स्की यांनी स्टेलींपेक्षा कमी झुंज दिली नव्हती. १९९२ च्या मार्चमध्ये उमेदवार बिल क्लिंटन यांना भर सभेत जाब विचारणारे, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका सहकाऱ्याच्या भररस्त्यातील अंत्ययात्रेत बोलणारे रॅफ्स्की फेब्रुवारी १९९३ मध्ये निवर्तले. औषध तीन वर्षे उशिरा आले, एवढाच काय तो फरक. उत्कंठेच्या नियमानुसार रचलेल्या आख्यानात हा 'एवढाच फरक' नियतीचे रूप घेतो आणि इतिहास शोकात्मिकेच्या जवळ जातो.

या रचनेला प्रत्यक्ष वास्तवानेच एक भाष्य जोडले. अखेरीस हयात असलेल्यांमध्ये दिसणारे स्पेन्सर कॉक्स चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, मृत्यू पावले. कथा जेथे संपली तेथे साथ संपली नव्हती.

४

हबर्ड यांचा चित्रपट पाहू लागताच प्रेक्षकाला प्रथम जाणवते ती नायकाची अनुपस्थिती. येथे बोलणारी माणसे पुष्कळ आहेत, पण कोणा एकाच्या आयुष्याचा धागा धरून चित्रपट चालत नाही. त्याचा एकक 'व्यक्ती' नसून 'कृती' आहे. दर सोमवारची बैठक, छोट्या विश्वासू गटांत होणारी आखणी, अटक होण्याची पूर्वतयारी, घोषणाफलकांची निर्मिती, निदर्शन, आणि पुन्हा बैठक. चळवळ म्हणजे प्रेरणेचा झटका नव्हे, ती शिस्त आणि श्रम आहे, हे हबर्ड आवर्जून दाखवतात.

याचे मूळ चित्रपटाच्या निर्मितिप्रक्रियेतच आहे. हबर्ड आणि कादंबरीकार सेरा शुलमन यांनी या शतकाच्या आरंभी 'ॲक्ट अप मौखिक इतिहास प्रकल्प' हाती घेतला आणि हयात असलेल्या १८७ सदस्यांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित केल्या. त्यांची लिखित प्रते सर्वांना वाचण्यास खुली आहेत. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात एड्स-चळवळीच्या चित्रफितींचा संग्रह उभा करण्यातही हबर्ड यांचा पुढाकार होता. म्हणजे येथे आधी अभिलेखागार आहे आणि मग चित्रपट. चित्रपट हे त्या अभिलेखागाराचे प्रवेशद्वार आहे. फ्रान्स यांच्या चित्रपटात अभिलेख कथेच्या सेवेत आहे. हबर्ड यांच्या चित्रपटात कथा अभिलेखाच्या सेवेत आहे.

या दृष्टिभेदाचा परिणाम आशयावरही होतो. हबर्ड यांच्या मांडणीत स्त्रिया, कृष्णवर्णीय व लॅटिनो सदस्य, अमली पदार्थ टोचून घेणारे लोक, बेघर रुग्ण यांच्यासाठीच्या मोहिमा केंद्रस्थानी येतात. एड्सच्या शासकीय व्याख्येत स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या आजारांचा समावेश नव्हता. त्यामुळे एचआयव्हीने मरणाऱ्या अनेक स्त्रिया अधिकृतरीत्या एड्सच्या रुग्ण ठरत नसत आणि अपंगत्वाच्या लाभांपासून वंचित राहत. ही व्याख्या बदलण्यासाठी कित्येक वर्षे लढा चालला आणि जानेवारी १९९३ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासह काही नव्या निकषांचा तीत समावेश झाला. साहित्याच्या अभ्यासकाने या लढ्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण तो एका शब्दाच्या अर्थासाठी दिलेला लढा आहे. व्याख्येतून वगळले जाणे म्हणजे अस्तित्वातून वगळले जाणे, हे येथे रूपक नाही.

दोन्ही चित्रपटांत असलेल्या एका प्रसंगाची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरेल. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी निदर्शकांनी आपल्या प्रियजनांची रक्षा वॉशिंग्टनला नेऊन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर विखुरली. फ्रान्स यांच्या मांडणीत हा प्रसंग निराशेचा तळ आहे. औषधे निष्फळ ठरत आहेत, संघटना फुटली आहे, आता उरली आहे ती राख. कथेच्या चढउतारात तो 'उतार' आहे, आणि पुढील चढासाठी तो आवश्यक आहे. हबर्ड यांच्याकडे तोच प्रसंग राजकीय कृतीचा उत्कर्षबिंदू होतो. शोक घराच्या आत करावयाचा आणि संघर्ष रस्त्यावर, ही विभागणी तेथे नाहीशी होते. डग्लस क्रिम्प यांनी १९८९ च्या आपल्या निबंधात शोक आणि संघर्ष हे परस्परविरोधी मानण्याचा धोका दाखवून दिला होता. हबर्ड यांचे संकलन जणू त्याचा दृश्य प्रत्यय देते. दृश्य तेच, राख तीच. आधी काय दाखवले आणि नंतर काय, यावर तिचा अर्थ ठरला.

मराठी वाङ्मयेतिहासातील परिभाषा वापरावयाची तर पहिला चित्रपट बखरीच्या जवळचा आहे आणि दुसरा कैफियतींच्या संग्रहाच्या. बखरकाराला पराक्रमाचे सूत्र हवे असते. कैफियत देणारा आपला हक्क आणि आपली हकीकत नोंदवतो, आणि अनेक कैफियती शेजारी ठेवल्यावरच चित्र उभे राहते. आणखी जवळचे उदाहरण द्यावयाचे तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाचे देता येईल. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गावोगाव शोधून, त्यांच्याशी बोलून सिद्ध झालेला तो ग्रंथ नेतृत्वकेंद्री इतिहासाला दिलेले उत्तर होते. त्याच्या शीर्षकातील 'ही' हे अव्यय हबर्ड-शुलमन यांच्या प्रकल्पाचेही सार सांगते. दलित आत्मकथनांच्या चर्चेत 'मी' आणि 'आम्ही' यांच्या नात्याचा जो प्रश्न आपण वारंवार उपस्थित केला, तोच या दोन चित्रपटांच्या दरम्यान उभा आहे.

मात्र हबर्ड यांच्या बाजूने सरसकट निकाल देणे योग्य होणार नाही. समूहाला नायक करण्याची किंमत त्यांच्या चित्रपटालाही मोजावी लागली आहे. औषधसंशोधनातील गुंतागुंत, म्हणजे कोणत्या मागण्या बरोबर होत्या, कोणत्या चुकल्या, घाईने औषध मिळवण्याचा आग्रह कोठे अंगाशी आला, यांची चिकित्सा फ्रान्स अधिक धीटपणे करतात. आपल्या नायकांच्या चुका दाखवण्याचे धैर्य कथात्म रचनेला कधी कधी अधिक असते, कारण तिला पात्राचा विकास हवा असतो. समूहाच्या आख्यानात अंतर्गत मतभेद येतात, पण आत्मपरीक्षण विरळ होते. तेव्हा या दोन चित्रपटांतील नाते खरे आणि खोटे असे नसून परस्परपूरक आणि परस्परदुरुस्तीचे आहे.

५

दोन्ही चित्रपटांची एक मर्यादा समान आहे. त्यांचा इतिहास अमेरिकेच्या सीमेवर थांबतो. १९९६ हे वर्ष फ्रान्स यांच्या कथेत मुक्तीचे वर्ष आहे. जगातील बहुसंख्य एचआयव्हीबाधितांसाठी ते एका नव्या वंचनेचे आरंभवर्ष होते. औषध निघाले होते आणि ते मिळणार नव्हते. डिलन मोहन ग्रे यांचा 'फायर इन द ब्लड' (२०१३) हा अनुबोधपट नेमका येथून सुरू होतो.

त्यात दक्षिण आफ्रिकेतील 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन'चे झॅकी अख्मत आहेत. सरकारी रुग्णालयांत औषध मिळेपर्यंत आपणही ते घेणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. आणि त्यात मुंबईची सिप्ला कंपनी आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला नव्हे, तर केवळ निर्मितिप्रक्रियेला पेटंट मिळत असे. त्या आधारावर, फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा संयुक्त उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर हाच उपचार दहा हजार डॉलरच्या वर जात होता. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वीस टक्क्यांसाठी झालेली लढाई आणि मुंबईहून निघालेला हा प्रस्ताव एकाच इतिहासाचे दोन अध्याय आहेत. पण एका चित्रपटात ते एकत्र येत नाहीत. तुलनात्मक वाचनाचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. राष्ट्रीय सीमांत बंदिस्त झालेल्या आख्यानांना शेजारी बसवल्याशिवाय साथीसारख्या सीमा न मानणाऱ्या विषयाचा इतिहास पुरता होत नाही.

ग्रे यांचा चित्रपटही दोषमुक्त नाही. बलाढ्य कंपन्या एका बाजूला आणि थोडेसे सत्प्रवृत्त वीरपुरुष दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी पुन्हा बखरीच्याच वळणावर जाते. तिच्यात भारत हा औषधनिर्माता म्हणून येतो. भारतातील एचआयव्हीसह जगणारी माणसे चळवळीचे कर्ते म्हणून अभावानेच दिसतात. वास्तविक २००५ साली पेटंट कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर, २००६ मध्ये, एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या राष्ट्रीय आणि मणिपुरी संघटनांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या संयुक्त गोळीवरील पेटंट-अर्जाला कायदेशीर हरकत घेतली आणि कंपनीला तो अर्ज मागे घ्यावा लागला. त्या गोळीतील एक घटक होता एझेडटी, म्हणजे १९८७ साली न्यूयॉर्कला रस्त्यावर आणणारे तेच औषध.

६

गेल्या सत्रात तुलनात्मक साहित्याच्या वर्गात मी हे चित्रपट लागोपाठ दाखवले. चर्चेच्या अखेरीस मणिपूरहून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमच्याकडे एका पिढीत एवढी माणसं गेली. त्यांची अशी चित्रफीत कुठे आहे?" मी पेटंटच्या हरकतीची हकीकत सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "तो कागद झाला." तिचे म्हणणे मला पुढे अनेक दिवस सोडीना. या लेखाचे निमित्त खरे तर तेच.

आपला अभिलेख कागदाचा आहे, हे खरे. गोव्याचे डॉमिनिक डिसोझा यांचे उदाहरण घेऊ. नियमित रक्तदान करणाऱ्या या तरुणाला फेब्रुवारी १९८९ मध्ये, तो एचआयव्हीबाधित असल्याचे आढळल्यावर, गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांकरवी ताब्यात घेण्यात आले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे ठेवण्यात आले. त्यांची आई ल्यूसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. डॉमिनिक सुटले, परंतु विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. पुढे त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि मे १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. दिल्लीत १९८८ पासून कार्यरत असलेल्या 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटानेही आपल्यामागे ठेवले ते प्रामुख्याने नागरिक-अहवाल आणि १९९४ साली कलम ३७७ विरुद्ध दाखल केलेली याचिका. न्यूयॉर्कच्या चळवळीने कॅमेरा उचलला, आपल्या चळवळीने टंकलेखनयंत्र.

कागदाला चेहरा नसतो, म्हणून त्याची जागा कल्पित घेते. ओनीर यांचा 'माय ब्रदर... निखिल' (२००५) हा कथापट डॉमिनिक यांच्या प्रकरणावरून प्रेरित आहे. त्याची पात्रे मधूनमधून कॅमेऱ्याकडे पाहून साक्ष दिल्यासारखी बोलतात. म्हणजे जो अनुबोधपट निर्माण झाला नाही, त्याचे रूप कथापटाने उसने घेतले. पण या उसनवारीत एक अदलाबदल झाली. चित्रपटात आईवडील मुलाला दूर लोटतात आणि झुंज देते ती बहीण. न्यायालयाच्या कागदावर मात्र याचिकाकर्ती म्हणून नाव आहे ते आईचे. कलाकृतीला असे स्वातंत्र्य असतेच. त्याबद्दल दिग्दर्शकाला दोष देता येणार नाही. परंतु कल्पिताशेजारी ठेवावयास साक्षपट नसला की कल्पितच इतिहास होऊन बसते, आणि न्यायालयाची पायरी चढलेली एक आई लोकस्मृतीतून पुसली जाते.

याउलट दिशेचे उदाहरणही आहे. शोहिनी घोष यांच्या 'टेल्स ऑफ द नाइट फेअरीज' (२००२) या अनुबोधपटात कोलकात्याच्या दुर्बार महिला समन्वय समितीतील चार स्त्रिया आणि एक पुरुष आपल्या गोष्टी सांगतात. सोनागाछीत १९९२ साली सुरू झालेल्या एचआयव्ही-प्रतिबंधक प्रकल्पातून ही संघटना १९९५ मध्ये आकाराला आली. आरोग्य-प्रकल्पाच्या भाषेत या स्त्रिया 'जोखमीचा गट' होत्या. चित्रपटात त्या निवेदक आहेत. विनोद करतात, दिग्दर्शिकेला उलट प्रश्न विचारतात, आपल्या श्रमाला श्रम म्हणा असा आग्रह धरतात. न्यूयॉर्कच्या चित्रपटांतील गमावल्याच्या जाणिवेपेक्षा येथील स्वर निराळा आहे. 'आम्ही साथ पसरवणारे नव्हे, साथीशी लढणारे' हे विधान त्या आपल्या बोलण्याच्या ऐटीतूनच सिद्ध करतात. चित्रणाचा विषय असलेली व्यक्ती निवेदनाचा कर्ता कशी होते, याचा हा आपल्याकडील लक्षणीय दाखला होय.

७

या विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, चळवळीचा इतिहास अनुबोधपटातून 'जसाच्या तसा' मिळत नाही. तो संकलनाच्या तत्त्वातून घडतो, आणि म्हणून त्या तत्त्वाची चिकित्सा ही संहिता-चिकित्सेइतकीच काटेकोर असली पाहिजे. दुसरा असा की, नायककेंद्री आणि समूहकेंद्री आख्यान यांच्यात एकाची निवड करून दुसरे टाकून देता येत नाही. अभ्यासकाने ती शेजारी ठेवून, एकाने झाकलेले दुसऱ्याच्या आधारे उघडे करावयाचे असते. तिसरा, आणि आपल्या दृष्टीने निकडीचा, असा की, अभिलेखाचे स्वरूप भावी स्मृतीचे स्वरूप ठरवते.

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाला तो एप्रिल २००४ मध्ये, आणि भेदभावाला मनाई करणारा कायदा २०१७ साली संमत होऊन सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या तीन टप्प्यांच्या दरम्यान ज्यांनी संघटना बांधल्या, याचिका लिहिल्या, रुग्णालयांच्या दारात भांडण केले, त्यांतील अनेक जण औषध येण्यापूर्वीच गेले. जे उरले ते आता साठीकडे झुकत आहेत. ते मराठीत, कोकणीत, मणिपुरीत, तमिळमध्ये, बंगालीत बोलतात. त्यांच्या साक्षी नोंदवावयाच्या तर एका भाषेच्या विभागाला ते झेपणार नाही, आणि म्हणूनच ते तुलनात्मक साहित्याचे काम आहे. १८७ मुलाखतींसाठी हबर्ड आणि शुलमन यांनी सुरुवातीस केले ते एवढेच, की हयात असलेल्यांची यादी केली आणि एकेकाच्या दारी गेले.

त्या विद्यार्थिनीने तिच्या शोधप्रबंधाचा विषय बदलला आहे. इंफाळमधील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या कथनांवर ती काम करणार आहे. सोबत कॅमेरा नेऊ की नको, असे तिने मला विचारले. जिची हकीकत आहे तिला आधी विचार, आणि ती हो म्हणाली तर अवश्य ने, असे मी सांगितले. कागद तर आपल्याजवळ आहेच.